कमीवाल्यांची बरणी

रेवण्णांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. कोणी जुन्या दिवसांबद्दल विचारलं, तर मी गिरण्यांच्या भोंग्यांबद्दल, डॉक्टरांबद्दल, आमच्या दुकानाबद्दल बोलत असे. रेवण्णांचं नाव निघालं की "फार चांगला माणूस" एवढं म्हणून पुढे सरकत असे. एखाद्याला चांगला म्हणून टाकलं की त्याच्याबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही, हे मला फार लवकर समजलं होतं.

गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. त्यानंतर तेलकट काही पचेना, म्हणून डॉक्टरांनी पित्तक्षाराच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, पित्ताच्या गोळ्या घेतल्या का?"

मी हो म्हणालो आणि हातातलं पाणी तसंच ठेवून बाहेर जाऊन बसलो. तिची काही चूक नव्हती. सगळे असंच म्हणतात. पण ह्या दोन शब्दांत केवढा खड्डा आहे, हे मला ज्या माणसाने हसत हसत सांगितलं होतं तो जाऊन किती वर्षं झाली. आणि त्या खड्ड्यात मी त्यालाच ढकललं होतं. आता माझं वय असं आहे की आणखी टाळण्यात अर्थ नाही.

बहात्तरचा दुष्काळ ओसरत होता तेव्हा मी सोलापुरात आलो. गाव माळशिरसकडचं, हातात औषधनिर्माणाची पदविका, वय चोवीस. पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याला लागून औषधांचं दुकान. दुकान चालवायला कायद्याने प्रमाणपत्रवाला माणूस लागे, तो मी. माझं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलं होतं. दुकान आणि दवाखाना यांच्यामध्ये एक अरुंद खोली होती, तिला लोखंडी गजांची खिडकी. त्या खिडकीत रेवण्णा.

नाव रेवणसिद्धप्पा, अक्कलकोट तालुक्यातले, जातीने लिंगायत. डॉक्टरांच्या वडिलांच्या काळापासून कंपौंडर. प्रमाणपत्र कसलंच नाही. अंगाने उंच, पण ती खिडकी बुटकी असल्यामुळे वाकून वाकून पाठीला बाक आलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या टोकांना जांभळ्या औषधाचा कायमचा डाग. औषधाच्या बाटलीवर चिकटवायची डोसाची पट्टी, जिच्या खाचांवरून एका वेळचं औषध मोजायचं, ती ते कात्रीने कातरत. कागद दुमडून कडेला दोन कातरे मारले की सहा डोस बरोबर. मी मोजपट्टीने करून पाहिलं, माझे कमीजास्त झाले. त्यांनी दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला.

पुड्यांवर ते आकडे कानडीत घालत. मला ते वाचता येईनात, आणि निम्मं गिऱ्हाईक तेलुगू विणकरांचं, त्यांनाही येत नसावेत. पण लोकांची तक्रार नव्हती, कारण रेवण्णा पुडी हातात देताना तोंडी सांगत आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेत. "सांग बघू, कवा घ्यायची?" म्हाताऱ्या बायका शाळेतल्या मुलींसारख्या म्हणून दाखवत. एखादी चुकली तर पुडी परत आत.

डॉक्टर त्यांच्यावर चिडत ते वेगळ्याच कारणाने. दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळे. तो खाऊन पोट बिघडलेल्यांची रांग लागे. रेवण्णा खिडकीतून सांगत, "आज काय खाऊ नका. पोटाला सुट्टी द्या. उद्याबी दुखलं तर मंग या." डॉक्टर आतून ओरडत, "रेवण्णा, दवाखाना बंद करायचा आहे का?" रेवण्णा म्हणत, "न्हाई की. लोक मरतील अशानं." दवाखाना बंद केल्याने मरतील की चालू ठेवल्याने, हे ते कधी स्पष्ट करत नसत.

मला ते सुरुवातीला 'साहेब' म्हणत. पेशंटांना बाबा, अक्का, आज्जी. साहेब मी एकटाच. डॉक्टरांना डॉक्टर. मला त्या साहेबाचं बरं वाटे. सहाएक महिन्यांनी, मी तापाने पडलो असताना, ते माझ्या खोलीवर ज्वारीची आंबील घेऊन आले आणि त्या दिवसापासून मी 'तम्मा' झालो. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्याचंही बरं वाटलं, पण खरं सांगायचं तर साहेबाइतकं नाही.

आता त्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं.

पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि तेल-तूप पचवायला आतड्यात उतरतं. ज्यांचं ते पुरेसं उतरत नाही त्यांना ते बाहेरून द्यायचं, म्हणून ह्या गोळ्या. त्या काळी त्या बैलाच्या पित्तापासून करत. आमच्याकडे त्यांचा मोठा डबा येई आणि रेवण्णा त्या काचेच्या बरणीत ओतून ठेवत. तपकिरी रंग, वरचा थर फुटून जिभेला लागली तर दिवसभर जाणार नाही अशी कडू. आपल्या लोकांत मात्र पित्त म्हणजे छातीतली जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी. तो निराळाच त्रास, त्याचं औषध निराळं. आणि पित्ताशयातला खडा निसटून पित्ताची वाटच बंद झाली असेल, तर ह्या गोळ्या द्यायच्याच नसतात.

रेवण्णांना पुस्तकातलं हे काही माहीत नव्हतं. त्यांच्याजवळ दोन प्रश्न होते. कोणीही पित्त म्हणत आलं, चिठ्ठी असो नसो, ते पहिल्यांदा विचारत, "कमी का जास्त?" लोक गोंधळत. मग ते उलगडून विचारत: आंबट येतं का, उजव्या बरगडीखाली दुखतं का, डोळे पिवळे दिसतात का, शौचाला पांढरं चिकट होतं का. जास्तवाल्यांना पांढरं मिक्श्चर. कमीवाल्यांना बरणी. दुखतंय म्हणणाऱ्याला परत डॉक्टरांकडे. बरणीला ते 'कमीवाल्यांची बरणी' म्हणत.

दुसरा प्रश्न बरणीचं झाकण काढण्याआधी. "हे जनावराचं हाय. चालतंय का?"

ते स्वतः कट्टर शाकाहारी. बाकी प्रत्येक मिक्श्चरचा थेंब ते जिभेवर घेऊन बघत, ह्या गोळ्यांना मात्र बोट लावत नसत. त्या बरणीसाठी एक लाकडी चमचा वेगळा ठेवला होता. मी एकदा म्हटलं, गोळीवर साखरेचा थर असतो, आत काय आहे ते कशाला सांगायचं, औषध ते औषध. ते म्हणाले, "मी खात न्हाई ते दुसऱ्याला न सांगता कसं चारू?"

एकदा एका व्यापारी घरातली आज्जी आली, त्यांच्याच जातीची. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. रेवण्णांनी कानडीत सांगितलं, गोळी बैलाची आहे. आज्जी तशीच उठून गेली. घरचे लोक डॉक्टरांकडे भांडायला आले, डॉक्टर रेवण्णांवर घसरले. पेशंट मेली तर तुमची विभूती उपयोगी पडेल का, असंही बोलले. रेवण्णा बाटल्या धूत राहिले. चौथ्या दिवशी आज्जी स्वतः आली, खिडकीसमोर उभी राहिली आणि पदर पसरून म्हणाली, "घाल. देवाला विचारून आले. सांगितलंस म्हणून घेते. न सांगता दिली असतीस आणि मागनं कळलं असतं, तर तुझ्या खिडकीकडं बघितलं नसतं." पुढे दोन वर्षं ती येत होती. बरी होती.

ही दोन प्रश्नांची पद्धत मला खेडवळ वाटे. कानडी आकडे तर डॉक्टरांनाही नको होते. त्यांनी एक दिवस सांगितलं, पुड्या आणि बरण्या तुम्ही शुद्ध मराठीत लिहा. माझं अक्षर चांगलं होतं. एका रविवारी बसून मी सगळ्या बरण्यांना काळ्या शाईने चिठ्ठ्या लावल्या. कमीवाल्यांच्या बरणीवर लिहिलं, 'पित्ताच्या गोळ्या'.

रेवण्णांनी चष्मा वर करून ते वाचलं. म्हणाले, "तम्मा, पित्ताच्या म्हंजे पित्तावरच्या का पित्तातनं केलेल्या?"

मी म्हणालो, "लोकांना कळतं. तुमची मराठी कच्ची आहे, रेवण्णा."

"कच्ची हाय म्हणून तर इचारतो. पक्कीवाल्याला खड्डा दिसत न्हाई, सरळ चालतो." मग हसले. "आमच्या कानडीतबी हाच घोळ हाय. म्हणून मी कमीवाल्यांची म्हणतो. ऱ्हाऊ दे, अक्षर मात्र लई झ्याक."

चिठ्ठी राहिली. पुड्यांवर मात्र रेवण्णांचे कानडी आकडेच चालू राहिले.

दुपारी भोंगा झाला की रेवण्णा मागच्या खोलीत जात. हातपाय धुऊन, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत, मग भाकरी आणि शेंगाचटणी. सगळं मिळून अर्धा तास. तेवढा वेळ खिडकीचं काम बंद. कोणी आलं तर थांबवायचं, आपण काही काढून द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितली होती.

त्या दुपारी नरसम्मा आली. विणकराची बायको, तिशीची, मागावरून तशीच उठून आलेली, केसांत सुताचे तंतू. तिने गजांतून हात घातला आणि म्हणाली, "पित्ताची गोळी पाहिजे." मी थांब म्हणालो. ती म्हणाली, माग थांबलाय, मालक ओरडतो. तिचा एक हात उजव्या कुशीवर दाबलेला होता. तो मी पाहिला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मला वाटलं, प्रमाणपत्र माझं भिंतीवर आणि मी एका कंपौंडरची पूजा संपण्याची वाट का पाहायची? मी आत गेलो. तिने पित्ताची गोळी मागितली होती आणि समोर बरणीवर माझ्याच सुंदर अक्षरात पित्ताच्या गोळ्या लिहिलं होतं. ती गोळी काय आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर पान भरून लिहिलं असतं. पण त्या क्षणी शब्दाला शब्द जुळला आणि हात पुढे गेला. लाकडी चमचाही घेतला नाही. पुडीवर लिहिलं, 'दोन दोन, जेवणानंतर'. तिला काही विचारलं नाही. रेवण्णा हात पुसत आले तेव्हा ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. कोण होतं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही.

पाचव्या दिवशी तिचा नवरा आला. नरसम्मा मोठ्या इस्पितळात होती. तीन दिवस तिने गोळ्या नेमाने घेतल्या, जुलाब लागले, दुखणं वाढत गेलं तरी औषध चालू आहे म्हणून घरात बसून राहिली. डोळे पिवळेजर्द झाले तेव्हा उचलून नेली. पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता. ऑपरेशन झालं होतं, पण शुद्ध धड नव्हती, जगेल की नाही ते सांगत नव्हते. ती जगली, हे आधीच सांगून टाकतो. खडा गोळ्यांनी झाला नव्हता, तो आधीपासून होता. पण रेवण्णा खिडकीत असते तर त्यांनी कुशीवरचा हात पाहिला असता आणि ती त्याच दिवशी डॉक्टरांसमोर गेली असती.

नवऱ्याने डॉक्टरांच्या टेबलावर पुडी आपटली. डॉक्टरांनी मला बोलावलं, म्हणाले, ह्या कशाच्या आहेत बघा. मी पुडी घेऊन दुकानातल्या उजेडात आलो. कागदावर माझं अक्षर होतं. मी गोळ्या एका बशीत ओतल्या आणि कागद खिशात घातला. विचार करून घातला असं म्हणवत नाही, आणि न करता घातला असंही म्हणवत नाही. बशी घेऊन परत गेलो. सांगितलं, पित्तक्षार.

डॉक्टरांनी रेवण्णांना हाक मारली. ते हात पुसत आले. बशीतली गोळी त्यांनी वाकून पाहिली.

"आपली हाय. पर मी न्हाई दिली."

डॉक्टर म्हणाले, खिडकीतून दिली, मग कोणी दिली? रेवण्णा त्यांच्याकडे न बघता नवऱ्याकडे वळले. "बाबा, जनावराचं हाय म्हणून तिला कोणी सांगितलं का?"

"नाही. ती घरी सांगत होती, कोण काय बोललं नाही. हात केला, पुडी दिली."

रेवण्णांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांच्या दृष्टीने तिथे सगळं सिद्ध झालं होतं. "झालं की. मंग मी न्हाई दिली."

डॉक्टर हसले, ते वाईट हसू होतं. त्यांना एवढंच ऐकू आलं की कोणी काही विचारलं नाही. वीस वर्षं ते भिंतीपलीकडून रोज हे दोन प्रश्न ऐकत होते, आणि नेमक्या वेळी त्यांना ते आठवले नाहीत. त्या खोलीत रेवण्णांचं म्हणणं समजणारा माणूस मी एकटा होतो.

रेवण्णा माझ्याकडे वळले. "तम्मा, सांग की."

दोन गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. भिंतीवरची काच, आणि वैशाखात ठरलेलं माझं लग्न. खिशातला कागद मांडीला लागत होता.

मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. एखादी आज्जी डोस चुकीचा सांगे तेव्हा ते जसे तिच्याकडे पाहत, परत म्हणण्याची वाट बघत, तसे. मी परत काही म्हणालो नाही. डॉक्टर म्हणाले, रेवण्णा, तुमचं वय झालं, डोळे गेले, आता पुरे.

त्यांनी आधी धुवायच्या राहिलेल्या बाटल्या धुतल्या. मग मधल्या खोलीत पाऊण तास होते. निघताना दुकानाच्या पायरीशी थांबले. "येतो, साहेब."

मी मान वर केली नाही. सुया उकळायच्या स्टोव्हवर मी तो कागद संध्याकाळी जाळला.

दुसऱ्या दिवशी खिडकीत मी बसलो. कमीवाल्यांच्या बरणीवरची माझी चिठ्ठी खरवडून काढलेली होती. तिच्या जागी जाड, वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: 'पित्त कमी असनाऱ्यांची. इचारून द्या.' त्या पाऊण तासात त्यांनी हे केलं होतं. मराठी लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाला पाच शब्दांना तेवढा वेळ लागतो. ती चिठ्ठी मी दुकान सोडताना पाण्याने भिजवून काढली. अजून माझ्याजवळ आहे. ती कशाची म्हणून घरात कोणाला माहीत नाही.

नरसम्मा बरी झाली तरी पुडी कोणाच्या हातची होती, हे तिला कोणी विचारलं नाही. चुकीची गोळी देणारा कंपौंडर असं नाव पेठेत झालं आणि त्यांना पुन्हा कुठे काम मिळालं नाही. ते होटगीला मुलाकडे गेले, मुलगा रेल्वेत होता. माझं लग्न झालं, चार वर्षांनी मी टेंभुर्णीला स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांना मी दोन प्रश्न विचारत असे. लोक म्हणत, फार काळजी घेतात. मी ऐकून घेत असे.

होटगीला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा स्टेशनावरूनच परतलो. दुसऱ्यांदा घर विचारत गल्लीपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा, सत्तरचं दशक सरता सरता, ते दिसले. रेल्वेच्या चाळीपुढे कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते, डोळ्यांत पांढरं वाढलेलं, समोर नीट काही दिसत नसावं. विभूतीचे पट्टे तसेच सरळ होते. शेजारच्या बाईच्या मुलाचा खोकला ऐकत होते. ती गेल्यावर मी पुढे झालो.

"कोण?"

गाडीत मी सगळं वाक्य पाठ केलं होतं. ते निघेना. मी म्हणालो, "लांबून आलोय. पित्ताचा त्रास आहे."

त्यांनी मान किंचित कलती केली.  मग त्यांनी विचारलं, "कमी का जास्त?"

"जास्त."

"जळजळतं?"

"हो."

"किती दिस?"

"पाच वर्षं."

ते हसले नाहीत. बाजेच्या दोरीवरून त्यांचा हात फिरत राहिला, जांभळा डाग नखांशी अजून होता. म्हणाले, तिखट कमी करा, वेळेवर जेवा, पोटात काही साठवू नका. एवढं सांगून वाट पाहू लागले. मी परत म्हणण्याची. मी म्हणालो, तिखट कमी, वेळेवर जेवण. तिसरं माझ्या तोंडून आलं नाही.

मालगाडी गेली. ती जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं, ह्याचं मला बरं वाटलं. मी उठलो. त्यांनी हात वर केला.

"जावा, साहेब. गाडी चुकल."

चाळीचं वळण ओलांडल्यावर तो शब्द मला कळला. पेशंटांना ते बाबा म्हणत. साहेब मी एकटाच. मी वळणावर उभा राहिलो. कडुनिंब तिथून दिसत होता, बाज दिसत होती, आणि ते मी गेलो त्या दिशेला कान देऊन बसलेले दिसत होते. गाडी यायला अजून अवकाश होता. मी स्टेशनाकडे चालू लागलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. मला उन्हाळ्यात कळलं.

गाडीत पाठ केलेलं वाक्य मोठं नव्हतं. आजही सकाळी गोळी हातात घेतली की ते तोंडापर्यंत येतं. रेवण्णा, त्या गोळ्या मी दिल्या, पुडीवर अक्षर माझं होतं, आणि मला सगळं आठवत होतं. मला क्षमा करा.